उतारा लिहा, पण पत्त्यासकट

पुस्तक वाचताना एखादे वाक्य आवडते. तुम्ही ते वहीत उतरवता आणि खाली लेखकाचे नाव लिहिता. चार-पाच वर्षांनी भाषणासाठी, लेखासाठी किंवा सहज चाळावी म्हणून वही उघडता, तेव्हा वाक्य समोर असते. पण ते कोणत्या पुस्तकातले, कोण कोणाला म्हणाले, आधी काय घडले होते, यातले काही आठवत नाही. वाचणारी माणसे पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथूनच सुरू होतात. वही बरी की मोबाइल? पुस्तकात खुणा कराव्यात का? किती उतरवावे? व्हॉट्सअॅपवर आलेले वाक्य खरेच पु. लं.चे आहे का? आणि हल्ली हमखास येणारा प्रश्न: जमवलेले उतारे छापले तर कोणी हरकत घेईल का? वरवर हे पाच वेगळे प्रश्न आहेत. पण नीट पाहिले तर बहुतेक अडचणी एकाच सवयीतून येतात. आपण वाक्य जपतो आणि त्याचा पत्ता टाकून देतो. पत्ता म्हणजे पुस्तक, आवृत्ती, पान आणि बोलणारा. उतारे थोडे असले तरी चालतील, पत्ते मात्र पूर्ण हवेत, एवढे धोरण ठेवलेत तर या प्रश्नांची उत्तरे बरीचशी आपोआप मिळतात.

पत्ता हरवला की काय बिघडते

गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ घ्या. त्यातला तळीराम दारूची बाजू अशा चटकदार भाषेत मांडतो की वहीत उतरवून घ्यावीत अशी वाक्ये पानोपानी सापडतात. ती वाक्ये खाली फक्त ‘राम गणेश गडकरी’ लिहून उतरवलीत, तर दारूने एका संसाराची राखरांगोळी कशी होते हे दाखवणारा नाटककार तुमच्या वहीत दारूचा वकील होऊन बसतो. नाटक, कादंबरी आणि कथा यांतले वाक्य पात्राचे असते. लेखकाला ते मान्य असेलच असे नाही. कादंबरीतला निवेदकसुद्धा लेखक नसतो. ‘कोण बोलतो आहे’ हा तपशील म्हणून जास्तीची हौस मानू नका. तो नसेल तर उतारा खोटा ठरू शकतो.

हा धोका मोबाइलने आणलेला नाही. आपल्याकडे उतारे जमवण्याची परंपरा जुनी आहे. वारकरी, रामदासी आणि कीर्तनकार अभंग-पदे हाताने उतरवून बाडे तयार करत आणि जुने मराठी काव्य पुष्कळसे अशाच बाडांमधून आपल्यापर्यंत आले. पण नकलेवरून नक्कल होताना पाठ बदलत गेले, कोणाची रचना कोणाच्या नावावर चढली, आणि शेवटी ‘तुका म्हणे’ आहे म्हणून अभंग तुकोबांचाच असे छातीठोकपणे म्हणण्याची सोय उरली नाही. म्हणूनच विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांना १८६९ आणि १८७३ मध्ये इंदुप्रकाश छापखान्यातून गाथा काढताना निरनिराळ्या हस्तलिखित प्रती ताडून पाहाव्या लागल्या. त्याच्याही जवळजवळ तीनशे वर्षे आधी, शके १५०६ मध्ये, एकनाथांना ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करावी लागली होती आणि तिच्यात स्वतःची ओवी घुसडू नये अशी ताकीदही द्यावी लागली होती. उतरवणाऱ्यांच्या भक्तीत काही कमी नव्हते. नोंद कमी पडली.

‘वाक्य चांगले असेल तर ते कोणी म्हटले याने काय फरक पडतो?’ असा आक्षेप नेहमी घेतला जातो. फरक पडत नसता, तर आपण खाली नाव घातलेच नसते. आयुष्यावरचे एखादे बेताचे वाक्य व. पु. काळ्यांच्या नावाने आले की शंभर जण पुढे पाठवतात. नाव काढून टाकले तर दहासुद्धा पाठवणार नाहीत. वाक्याला वजन नावामुळे येते, आणि ते वजन आपण वापरणार असू तर नाव बरोबर आहे याची जबाबदारीही आपल्यावर येते.

एका नोंदीत काय काय हवे

पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये १९४८ पासून संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचे काम चालू आहे. त्यासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य आणि ग्रंथातले नेमके स्थळ एवढे चिठ्ठीवर असते. लिहिणारा निवृत्त झाला, तरी दुसरा अभ्यासक ती चिठ्ठी हातात घेऊन मूळ ग्रंथापर्यंत पोहोचू शकतो. घरच्या वहीला एवढी शिस्त नको, पण कसोटी तीच ठेवा: तुमची नोंद घेऊन दुसऱ्या कोणाला ते पान सापडेल का? त्यासाठी एवढे पुरते:

- उतारा शब्दशः, अवतरणचिन्हांत. मधले काही गाळले तर तीन टिंबे. समजण्यासाठी तुमचा शब्द घातला तर तो चौकटी कंसात. गोषवारा लिहायचा असेल तर अवतरणचिन्हे अजिबात देऊ नका.
- लेखक आणि पुस्तक. अनुवाद असेल तर अनुवादकाचे नाव हवेच. ‘पाडस’मधले वाक्य मार्जोरी रॉलिंग्ज यांच्या कादंबरीतले असले तरी त्याची मराठी राम पटवर्धनांची आहे.
- प्रकाशक, आवृत्ती, वर्ष आणि पान. आवृत्ती बदलली की पान बदलते, म्हणून नुसता पृष्ठांक पुरत नाही. प्रकरणाचे नाव लिहिलेत तर कोणत्याही आवृत्तीत शोधता येते.
- कोण, कोणाला, केव्हा. अर्धी ओळ पुरे.
- का घेतला. तुमच्या शब्दांत एक ओळ, आणि तारीख.

शेवटची ओळ लिहायचा सगळ्यांना कंटाळा येतो आणि तीच सर्वांत जास्त उपयोगी पडते. ‘सुंदर’, ‘क्या बात है’ असे लिहून उपयोग नाही. ‘सासू-सुनेचे भांडण एकही शिवी न घालता कसे लिहिले आहे’, ‘माझे मत याच्या उलट आहे, उत्तर शोधायचे’ अशी ओळ हवी. आणि का आवडले हे एका ओळीत सांगता येत नसेल, तर ते उतरवायचे की नाही याचा पुन्हा विचार करा. निम्मी गर्दी तिथेच कमी होते.

ओवी-अभंगांसाठी पानापेक्षा चांगला पत्ता आधीच तयार आहे. ज्ञानेश्वरीसाठी अध्याय आणि ओवी, दासबोधासाठी दशक, समास आणि ओवी लिहा. तुकोबांच्या गाथेत मात्र अभंगांचे क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात. तिथे क्रमांकाबरोबर गाथा कोणती हे लिहिले नाही तर क्रमांकाचा काही उपयोग नाही. नाटकासाठी अंक आणि प्रवेश. ऐकायच्या पुस्तकातला उतारा असेल तर प्रकरण आणि वेळ टिपा, पण छापील प्रत पाहिल्याशिवाय तो पक्का धरू नका. स्वल्पविराम कुठे आहे आणि परिच्छेद कुठे तुटतो हे कानाला कळत नाही.

वाचतानाच लिहावे का?

नको. वाचनाच्या भरात उतरवत बसलात तर पुस्तकाची लय तुटते, आणि ‘नोंदी ठेवल्या की वाचनाची मजा जाते’ ही तक्रार तिथूनच येते. तक्रार खरी आहे, पण ती वेळेबद्दलची आहे. वाचताना फक्त खूण करा. पुस्तक संपल्यावर आठवडाभर ते बाजूला ठेवा, मग खुणा केलेली पाने पुन्हा पाहा. तेव्हा निम्मी वाक्ये फिकी वाटतील. ती सोडून द्या. उरलेली उतरवा. तीनशे पानांच्या पुस्तकातून पाच-सात उतारे निघाले तर ते पुष्कळ झाले. सगळेच पुस्तक आवडले असेल तर उतरवण्यापेक्षा ते विकत घ्या.

खूण कशी करायची, हे पुस्तक कोणाचे आहे त्यावर ठरते. स्वतःच्या पुस्तकात मऊ पेन्सिलीने समासात उभी रेघ ओढा. बॉलपेन आणि हायलायटर नको, कारण पाच वर्षांनी तुमची आवड बदललेली असते आणि रेघ बदलत नाही. ग्रंथालयाच्या किंवा उसन्या पुस्तकात पेन्सिलही लावू नका. कागदाची अरुंद पट्टी घालून ठेवा आणि परत करण्यापूर्वी सगळ्या पट्ट्या काढा. चिकटपट्टीच्या रंगीत चिठ्ठ्या सोयीच्या दिसतात, पण जुन्या, ठिसूळ झालेल्या पानांवरून त्या काढताना अक्षर सोलून निघू शकते. पानाचा कोपरा दुमडणे ही तर निव्वळ आळशीपणाची खूण. त्या पानावर तीस ओळी असतात, त्यातली कोणती हवी होती हे नंतर ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

वही की मोबाइल?

या वादात लोक फार वेळ घालवतात. हाताने लिहिताना गती कमी होते, त्यामुळे निवड कडक होते आणि वाक्याची बांधणी लक्षात येते. मोबाइलमध्ये शोधता येते. ज्याला लेखनासाठी किंवा अभ्यासासाठी उतारे लागतात त्याने संगणक-मोबाइलचा रस्ता धरावा, ज्याला स्वतःसाठी हवेत त्याने वही घ्यावी. वही घेतलीत तर उतारा उजव्या पानावर लिहा आणि डावे पान टिपणांसाठी कोरे सोडा. पानांना क्रमांक घाला आणि शेवटची चार पाने विषयसूचीसाठी राखा. विषयवार वह्या सुरुवातीलाच पाडू नका. ‘मैत्री’, ‘मृत्यू’, ‘निसर्ग’ असे कप्पे केले की जो उतारा तिन्हींत बसतो तो कुठेच लिहिला जात नाही. वाचाल त्या क्रमाने लिहा, विषय सूचीत येऊ द्या.

मोबाइलवाल्यांची खरी अडचण देवनागरीची आहे, आणि तिच्याकडे थोडे थांबून पाहायला हवे. पानाचा फोटो काढून त्यातून मजकूर उचलण्याची सोय आता सगळ्यांच्या हाताशी आहे, पण जुन्या खिळ्यांच्या छपाईवर ती चकते. ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो, अनुस्वार गळतो, जोडाक्षर फुटते, ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द तुटकाच राहतो. चूक अशी असते की वाक्याला तरीही काहीतरी अर्थ लागतो, त्यामुळे ती चटकन दिसत नाही. म्हणून उचललेला मजकूर मूळ पानाशी शब्दन् शब्द ताडून पाहा आणि फोटोही नोंदीजवळ ठेवा. फोटोत पृष्ठांक आला पाहिजे. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये केलेल्या पीडीएफमधून नक्कल केली तर रोमन अक्षरांचा चिवडा हाती येतो. तिथे युनिकोडमध्ये स्वतः टंकणे हाच मार्ग.

दुसरी गोष्ट शुद्धलेखनाची. मराठीचे नवे लेखननियम १९६२ मध्ये आले आणि व्युत्पत्तीने येणारे, न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकात ‘कांही’, ‘नांव’, ‘नाहीं’ असेच छापलेले असते. उतरवताना ते सुधारू नका. शब्दशः म्हणजे जसे छापले तसे. पण पुढे ‘काही’ शोधलेत तर ‘कांही’ सापडणार नाही, हे लक्षात घेऊन नोंदीखाली दोन-तीन खुणेचे शब्द आजच्या लेखनात लिहा. नोंदींची एक प्रत कुठल्याही विशिष्ट अॅपवर अवलंबून नसलेल्या साध्या मजकूर-फाइलमध्ये ठेवा. ई-वाचकावर खुणा केल्या असतील तर त्याही वेळोवेळी बाहेर काढा. काही पुस्तकांत किती मजकूर बाहेर काढता येतो यावर प्रकाशकाने मर्यादा घातलेली असते, आणि ती ओलांडल्यावर फक्त खूण राहते, मजकूर येत नाही.

‘सगळे इंटरनेटवर मिळते, मग उतरवायचे कशाला?’ असे विचारणाऱ्यांनी एक प्रयोग करावा. आपल्या आवडत्या मराठी पुस्तकातले मधल्याच पानावरचे एखादे वाक्य शोधून पाहावे. मिळतात ती गाजलेली वाक्ये, तीही बहुधा पुस्तकाच्या नावाशिवाय. प्रताधिकारात असलेल्या मराठी पुस्तकांचा मोठा भाग शोधता येईल अशा रूपात तिथे नाहीच.

व्हॉट्सअॅपवरून आलेले वाक्य

खाली पु. ल., व. पु. किंवा एखाद्या नटाचे नाव असते, पुस्तकाचे नाव नसते. पुस्तकाचे नाव नाही हीच संशयाची पहिली जागा. वाक्यात लेखकाच्या हयातीनंतरची वस्तू आली आहे का पाहा, पु. ल. २००० साली गेले, त्यांच्या तोंडी स्मार्टफोन असेल तर पुढे तपासण्याची गरजच नाही. पाठवणाऱ्याला पुस्तक विचारा. उत्तर आले नाही तर वाक्य आवडल्यास ‘अज्ञात’ म्हणून लिहा. छापील पुस्तकात तुम्ही स्वतः पाहिल्याशिवाय नाव घालू नका, मग ते कितीही जणांनी पुढे पाठवलेले असो.

हक्क: तुमचे आणि लेखकाचे

इथे भीतीही वाजवीपेक्षा जास्त असते आणि बेफिकिरीही. भारताचा प्रताधिकार कायदा १९५७ चा आहे. त्यानुसार खासगी वापरासाठी आणि अभ्यासासाठी उचित प्रमाणात उतारे घेणे, समीक्षेत किंवा परीक्षणात अवतरण देणे, आणि प्रकाशित साहित्यातला वाजवी भाग लोकांसमोर वाचून दाखवणे याला परवानगी लागत नाही. म्हणजे तुमची वही, भिशीतले किंवा वाचनकट्ट्यावरचे वाचन आणि पुस्तकपरीक्षणातली चार वाक्ये निर्धास्त आहेत. ‘चारशे शब्दांपर्यंत चालते’, ‘दहा टक्के चालते’ असे ऐकून असाल, तर आपल्या कायद्यात असा आकडा नाही. किती घेतले, कशासाठी घेतले, मूळ पुस्तकाच्या विक्रीला त्याने धक्का बसतो का, हे पाहिले जाते. कवितेबाबत विशेष जपा: चार ओळींच्या कवितेतल्या चार ओळी म्हणजे उतारा नव्हे, पूर्ण कृतीच.

उताऱ्यांचे पुस्तक करून विकणे मात्र वेगळे. ‘नाव दिले आहे ना’ हे त्याला उत्तर नाही. नाव देणे हे लेखकाचे देणे आहे आणि प्रताधिकार विकला गेला तरी ते संपत नाही. पण नाव दिल्याने परवानगी मिळत नाही. आधी मुदत पाहा. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे प्रताधिकार राहतो (१९९२ च्या दुरुस्तीपूर्वी तो ५० वर्षे होता). हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्याचा हिशेब असा लागतो:

- हरी नारायण आपटे, राम गणेश गडकरी (दोघेही १९१९): केव्हाच खुले.
- साने गुरुजी (१९५०): १ जानेवारी २०११ पासून खुले, ‘श्यामची आई’ आज इतके प्रकाशक काढू शकतात ते यामुळे.
- बा. सी. मर्ढेकर (१९५६): १ जानेवारी २०१७ पासून खुले.
- आचार्य अत्रे (१९६९): २०२९ अखेरपर्यंत प्रताधिकारात.
- इरावती कर्वे (१९७०): २०३० अखेरपर्यंत.
- कुसुमाग्रज (१९९९): २०५९ अखेरपर्यंत.

मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या साहित्याची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. ती आता खुली आहेत. पण त्याच पुस्तकाला असलेली अत्र्यांची प्रस्तावना अजून खुली नाही. एकाच पुस्तकातले दोन उतारे, दोन वेगळे नियम. अनुवादाचेही तसेच: मूळ ग्रंथ कितीही जुना असला तरी अनुवादकाचा हक्क स्वतंत्र मोजायचा. पत्त्यात अनुवादक, प्रस्तावनाकार आणि वर्ष लिहा म्हटले ते इथेही कामाला येते. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाच्या स्मरणिकेसाठी संकलन करत असाल तर तिथली मुदत पाहा. ब्रिटन आणि युरोपीय संघात ती साधारणपणे ७० वर्षांची आहे.

परवानगी मागणे वाटते तितके अवघड नसते. पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठामागच्या पानावर हक्क कोणाचे हे छापलेले असते: लेखक, वारस किंवा प्रकाशक. त्यांना लेखी कळवा: कोणत्या पानावरच्या कोणत्या ओळी, कोणत्या प्रकाशनात, किती प्रती, किंमत किती. उत्तर लेखीच घ्या. फोनवरचे ‘हो हो, छापा’ पुढे कोणी मानत नाही, आणि उत्तर न येणे म्हणजे होकार नव्हे. संकलन विक्रीसाठी असेल तर छपाईआधी वकिलाला एकदा दाखवा.

पत्ता नसलेल्या जुन्या वहीचे काय करावे

फेकू नका आणि एकदम सगळी दुरुस्तही करायला बसू नका. ज्या उताऱ्यांचे पुस्तक आठवते आणि ते घरात आहे, त्यांचे पान शोधून समासात लिहा. पुस्तक आठवते पण जवळ नाही, तर नावांची यादी करून ग्रंथालयात एका खेपेत पाहा. मूळ वाक्य तुमच्या वहीतल्यापेक्षा थोडे वेगळे निघेल, कारण आठवणीतून लिहिताना आपण नकळत वाक्य गुळगुळीत करतो. तेव्हा मुळाप्रमाणे दुरुस्त करा. ज्यांचा काहीच माग लागत नाही त्यांच्यापुढे पेन्सिलीने ‘स्थळ नाही’ असे लिहा. ते स्वतः खुशाल वाचा, घरात वाचून दाखवा. पण भाषणात, लग्नपत्रिकेत किंवा शाळेच्या फळ्यावर नावासकट वापरू नका. पुढे कधी मूळ पुस्तक हाती लागले तर ‘स्थळ नाही’ खोडून तिथे पान लिहा.